‘बोगस मतदार’, ‘तोतया’ आणि ‘फ्रीहोल्डर’ : आयर्लंडच्या मतदारयादीतले शब्द

विचारणा

एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडच्या निवडणुकांवर लेख लिहिते आहे. साधनांत ‘फिक्टिशस व्होटर’ आणि ‘पर्सनेशन’ हे शब्द वारंवार येतात. दोन्ही ठिकाणी मी ‘बोगस’ लिहीत गेले आणि आता कोण कोणावर कसला आरोप करतोय तेच कळेनासे झाले आहे. दुसरे म्हणजे ‘फोर्टी शिलिंग फ्रीहोल्डर’. ‘चाळीस शिलिंगांचा जमीनमालक’ म्हणावे, की आपला ‘मिरासदार’ चालेल?

प्रतिसाद

आधी फ्रीहोल्डर, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ‘जमीनमालक’ अजिबात नको. इंग्लंडमध्ये तो अर्थ बऱ्याच अंशी बसतो, आयर्लंडमध्ये नाही. तिथला चाळीस शिलिंगवाला बहुतेक वेळा कूळच असायचा. जमीनदार त्याला हयातीचा पट्टा करून द्यायचा. पट्ट्यात एक-दोन किंवा तीन व्यक्तींची नावे असत आणि त्यांतली शेवटची व्यक्ती जिवंत असेतो पट्टा चाले. मुदत वर्षांत ठरलेली नसल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ती ‘फ्रीहोल्ड’ मिळकत ठरे. खंड वजा जाता वर्षाला ४० शिलिंगांचा फायदा असल्याची शपथ घेतली की मत मिळे.

१७९३ मध्ये कॅथलिकांनाही मताधिकार मिळाला आणि जमीनदारांनी असे पट्टे भराभर केले. पट्टेवाले जितके जास्त, तितकी त्यांच्या शब्दावर पडणारी मते जास्त. मतदान उघड होते. कूळ कोणाचे नाव घेते ते मालकाचा कारभारी समोर उभा राहून ऐकायचा.

‘मिरासदार’ही म्हणून जुळत नाही. मिरास वंशपरंपरागत, इथे नावे दिलेली माणसे मेली की हक्क संपला. मी ‘हयातीचा पट्टेदार’ लिहीन.

विचारणा

‘हयातीचा पट्टेदार’ घेते. पण या पट्टेदारांनाच पुष्कळ ठिकाणी ‘फिक्टिशस’ म्हटले आहे. माणसे तर खरी होती ना?

प्रतिसाद

माणसे खरी होती, हाच मुद्दा आहे. ‘फिक्टिशस व्होट’ म्हणजे माणूस हजर, पात्रता खोटी: जमिनीतून ४० शिलिंग सुटत नाहीत तरी शपथ घेतलेली. ‘पर्सनेशन’मध्ये उलटे, यादीतले नाव आणि पात्रता खरी, मत द्यायला आलेला माणूस दुसराच. आपल्याकडचा ‘बोगस’ हे दोन्ही एकाच पोत्यात भरतो. पहिल्यासाठी ‘खोट्या पात्रतेचा मतदार’ किंवा ‘बनावट पात्रता’ आणि दुसऱ्यासाठी ‘तोतयेगिरी’ ठेवावे.

मात्र पहिला शब्द कोणाच्या तोंडी आहे ते प्रत्येक ठिकाणी पाहा. वर्षानुवर्षे हे पट्टेदार मालकाच्या मागे रांगेने मतदानाला जात होते, तेव्हा त्यांच्या पात्रतेची फारशी चौकशी कोणी केली नाही. १८२६ मध्ये वॉटरफर्डला त्यांनी बेरेसफर्ड या बड्या जमीनदार घराण्याचा उमेदवार पाडला. १८२८ मध्ये क्लेअरच्या पोटनिवडणुकीत कॅथलिकांचा पुढारी डॅनियल ओकॉनेल याला २,०५७ आणि त्याचा प्रतिस्पर्धी व्हेसी फिट्झजेराल्डला ९८२ मते पडली. पुढच्याच वर्षी कॅथलिकांना संसद खुली झाली, आणि त्याच्या जोडीने काउंटीतली (जिल्ह्यातली) मताधिकाराची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर (पौंडाचे शिलिंग वीस), म्हणजे पाचपट, नेली गेली. सुमारे २ लाख १६ हजार मतदारांपैकी ३७ हजारांच्या आसपास उरले. खोट्या शपथा होत होत्या हे खरेच; पण कायदा कडक व्हायला कुळे मालकाच्या शब्दाबाहेर जावी लागली. ज्यांनी मालकाचा रोष पत्करून, थकबाकीचा तगादा ओढवून घेऊन मत दिले, त्यांना तुमच्या लेखात सरसकट ‘बोगस’ म्हटले जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

आणखी एक प्रतिसाद

वरच्याला जोडून १८३२ नंतरचे. त्या काळासाठी ‘मतदारयादी’ हा शब्दही जपून वापरा. इंग्लंडमध्ये दर वर्षी यादी तपासली जाई. आयर्लंडमध्ये असिस्टंट बॅरिस्टरसमोर (काउंटीतल्या न्यायाधिकाऱ्यासमोर) एकदा नोंदणी झाली की दाखला मिळे आणि तो आठ वर्षे चाले. दरम्यान माणूस मेला, जमीन गेली, गाव सोडले, तरी दाखला कोणाच्या तरी घरात असायचाच. तोतयेगिरीला मोठा वाव इथून मिळाला. म्हणून ‘यादीत नाव’ऐवजी ‘नोंदणीचा दाखला’ लिहा, नाहीतर मयताच्या नावावर मत कसे पडे ते वाचकाला उमगणार नाही.

भांडणाचे दुसरे मूळ एका शब्दात होते: ‘बेनिफिशियल इंटरेस्ट’. १० पौंडांचा फायदा मोजायचा कसा? एक पक्ष म्हणे, कुळाला स्वतःला त्या जमिनीतून किती मिळते ते पाहा. दुसरा म्हणे, ऐपतदार दुसरे कूळ आजच्या खंडावर आणखी १० पौंड द्यायला तयार होईल का ते पाहा. एकाच शेतावरचा माणूस पहिल्या मोजणीने मतदार, दुसरीने नाही. लिबरल पहिल्या अर्थाच्या बाजूने, टोरी दुसऱ्या. बॅरिस्टर काउंटीगणिक वेगळा निकाल देत. ‘लाभदायक हितसंबंध’ असा कोशातला प्रतिशब्द इथे काहीच सांगत नाही. ‘कुळाचा निव्वळ फायदा’ म्हणावे आणि दोन्ही मोजण्या एकदा समजावून द्याव्यात.

१८३७ मध्ये कॉमन्स सभागृहाने आयर्लंडमधल्या ‘फिक्टिशस व्होट्स’वर समितीच नेमली. १८४० मध्ये लॉर्ड स्टॅन्लीने वार्षिक नोंदणीचे विधेयक आणले. त्याचा एक आक्षेप रास्त होता: दावा फेटाळला गेला तर अपील होते, पण दावा मान्य झाला तर हरकत घेणाऱ्याला अपील नव्हते. तरीही ओकॉनेलचा विरोध समजण्यासारखा आहे. दर वर्षी हरकत निघणार, दर वर्षी गरीब कुळाने काम टाकून न्यायालय गाठायचे. अशाने न फेटाळताही नाव गळते. अखेर १८५० च्या कायद्याने शपथ बाजूला सारून गरीब-करासाठी (गरिबांच्या मदतीसाठीच्या स्थानिक करासाठी) झालेले जमिनीचे मूल्यांकन पात्रतेचा आधार धरले, आणि मतदार सुमारे ४५ हजारांवरून दीड लाखाच्या वर गेले.

‘तोतयेगिरी’ला माझाही दुजोरा. भाऊसाहेबांच्या तोतयापासून हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे आणि २०२४ पर्यंत लागू असलेल्या आपल्या भारतीय दंडसंहितेच्या मराठी पाठातही निवडणुकीतल्या या गुन्ह्याला तोच होता. १८७२ च्या बॅलट कायद्याने मतदान गुप्त झाले. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर खऱ्या मतदाराला वेगळ्या रंगाची मतपत्रिका देण्याची सोयही त्यात होती. त्यासाठी आपल्याकडचा ‘प्रदत्त मत’ जसाच्या तसा घ्या. ती तरतूद आपल्याकडे ब्रिटिश कायद्याच्या वळणानेच आली आहे.

विचारणा

फार मदत झाली. शेवटचे एकच: ‘डिसफ्रँचाइज’. १८२९ च्या पट्टेदारांसाठी आणि १८७० च्या स्लायगो व कॅशेल या शहरी मतदारसंघांसाठी हाच शब्द आला आहे.

प्रतिसाद

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८२९ मध्ये माणसांचा ‘मताधिकार काढून घेतला’. स्लायगो आणि कॅशेल इथे लाचलुचपत इतकी माजली होती की संसदेने ते ‘मतदारसंघच रद्द केले’. तिथल्या पात्र मतदाराला पुढे काउंटीत मत देता येई. त्यामुळे तिथे ‘मताधिकार गेला’ लिहू नका.