तोफेच्या तोंडी दिलेले शिपाई: न्याय की सूड?

पेठकरी
काल कोल्हापुरात चिमासाहेब चौकात सिग्नलला थांबलो होतो. मागं बसलेल्या पोरानं विचारलं, "चिमासाहेब कोण?" सांगता सांगता 1857 निघालं. 31 जुलैच्या रात्री इंग्रजांच्या फौजेतली इथली 27 वी देशी पलटण उठली, खजिना लुटला. पळून चाललेले तीन तरुण इंग्रज अधिकारी वाटेत मारले गेले. मग कर्नल जेकब आला, पलटणीची हत्यारं काढून घेतली आणि लष्करी कोर्ट बसवलं. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. माझ्या मते हा सूडच. मारायचंच होतं तर गोळी होती की! तोफेला बांधलं की घरच्यांच्या हाती अग्नी द्यायला, माती द्यायला काही उरत नाही. ते ठरवूनच केलेलं.

जुना सुभेदार
भावनेत वाहू नका. शपथ घेऊन, पगार घेऊन अधिकाऱ्यावर बंदूक उचलली की मरण, हे कुठल्याही फौजेत. आपल्या 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टमध्येही बंडाला मृत्युदंड आहेच. आणि तोफेच्या तोंडी देणं इंग्रजांनी आणलेलं नव्हे, मोगलाईतही होतं.

पेठकरी
मोगलाईत होतं म्हणून बरोबर? मग कायद्याचं राज्य आणलं म्हणून टेंभा कशाला मिरवायचा?

करवीरकर वकील
शिक्षा कडक होती का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. चौकशी किती झाली ते बघा. डिसेंबरात बंडाचे पुढारी फिरंगोजी शिंदे यांच्या लोकांनी शहराचे दरवाजे लावून घेतले. जेकबनं दरवाजा उडवला, आत शिरला. जागीच कोर्ट, जागीच गोळ्या. वकील नाही, अपील नाही. याउलट ज्यांच्यावर खरा संशय, ते कोल्हापूरच्या छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब. त्यांना 1858 मध्ये कराचीला धाडलं, तिथंच 1869 ला वारले. थोरल्या घरच्याला हद्दपारी, शिपायाला तोफ. एकाच बंडाला दोन तागड्या.

जुना सुभेदार
त्यांच्याविरुद्ध पुरावा नव्हता, म्हणून हद्दपारी.

करवीरकर वकील
आणि शिपायांविरुद्ध होता? तासाभरात तपासलेला?

लै झालं
भावांनो, 1646 ला रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडले, तेव्हा आपण छाती फुगवून सांगतो. तेव्हा कुठला वकील होता?

पेठकरी
भावा, शिक्षा भयंकरच, नाही म्हणत नाही. पण महाराजांच्या पत्रात एक माणूस आहे, त्याचा बदअंमल लिहिलाय, आणि नंतर त्याला सांभाळायला सोनजी गुजराच्या हवाली केल्याचंही आहे. म्हणजे शिक्षेनंतरही माणूस कुणाच्या तरी पदरात घातला. इथं पदरात घालायला काय ठेवलं?

जुना सुभेदार
त्या तीन पोरसवदा अधिकाऱ्यांच्या आईच्या पदरात तरी काय पडलं?

पेठकरी
हे मान्य. ते मारणंही वाईटच.
पोराचा पुढचा प्रश्न मात्र अडला. चौकाला चिमासाहेबांचं नाव आहे, तोफेपुढं उभं केलेल्यांतल्या एकाचंही मला सांगता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर इथं लिहा.