ट्रेन, खोली, टॅक्सीच्या सर्व्हिस प्लॅनरने जोडतोय, पण माणसाची आवड त्यात घालायची कशी?

म्हार्दोळकडचा:
नमस्कार मंडळी. आमच्या आतेच्या दोन खोल्या आहेत गोव्यात म्हार्दोळला, मुंबई-पुण्याहून कुलदैवताला येणारे लोक उतरतात आणि फोनवर तिलाच सगळं विचारतात, करमळीला उतरू की मडगावला, पुढे टॅक्सी मिळेल का, वगैरे. म्हणून ट्रेन, बस, खोल्या, टॅक्सी अशा चार-पाच एपीआय (दुसऱ्यांच्या सर्व्हिस कोडमधून वापरायची सोय) जोडून मी एक अ‍ॅप करतोय. आतापर्यंत सगळं इफ-एल्सवर, म्हणजे "असं असेल तर हे कर" अशा अटींवर चाललंय आणि तिथेच गाडी अडली. एका कुटुंबाने लिहिलं, बाबांचे गुडघे दुखतात, रात्रीची बस शक्यतो नको, खोली देवळाजवळ असली तर बरं. माझ्या कोडने आधी देवळाजवळची खोली धरली, ती शनिवारचीच मोकळी होती, आणि शनिवारी पोचायला रात्रीची बसच उरली! मला फार वाईट वाटलं. प्लॅनिंगबद्दल वाचलं, त्यात सुरुवातीची स्थिती, गोल आणि करता येणाऱ्या कृती दिल्या की प्लॅनर हा प्रोग्राम स्वतः पायऱ्या शोधतो, पण तिथे गोल एकतर पूर्ण होतो नाहीतर प्लॅनच नाही. "जमलं तर हवं" हे प्लॅनरला सांगायचं कसं?

मांडवीकाठ:
तुझा कोड एकेक आवड वेगळी बघतो, अख्खा प्रवास एकदम बघत नाही, चूक तिथे आहे. पीडीडीएल३ मध्ये, म्हणजे प्लॅनरला प्रश्न सांगायच्या भाषेत, नेमकी हीच सोय आहे, २००६ च्या प्लॅनिंग स्पर्धेसाठी ती आणली होती. पक्का गोल वेगळा, प्रेफरन्स वेगळे, आणि प्रेफरन्स मोडला तर किती दंड तो आकडा तू द्यायचा. समज रात्रीची बस घेतली तर ४० आणि खोली लांब पडली तर २५. मग रविवारची दिवसाची ट्रेन आणि लांबची खोली हा प्लॅन २५ ला पडतो, तुझा शनिवारचा ४० ला. प्लॅनर आपणहून खोली सोडतो.

डिचोली_डेव्ह:
वरचं बरोबर आहे पण एक अडचण येणार. फास्ट डाउनवर्ड हा प्लॅनर वापरणार असशील तर तो पीडीडीएल३ चे प्रेफरन्स घेत नाही, मी दोन दिवस त्यात घालवलेत. अ‍ॅक्शनची कॉस्ट (प्लॅनमधल्या एकेका कृतीचा खर्च) मात्र त्याला कळते, त्यामुळे वाट आहे. केडर आणि गेफनर यांनी २००९ मध्ये दाखवलंय की असे सॉफ्ट गोल साध्या कॉस्टमध्ये बदलता येतात. प्रत्येक आवडीसाठी शेवटी दोन अ‍ॅक्शन ठेवायच्या, एक "मिळालं", कॉस्ट शून्य, ती आवड पुरी झाली असेल तरच चालणारी, आणि दुसरी "सोडलं", कॉस्ट ४०, पुरी झाली नसेल तेव्हाची. दोन्हींतली कुठलीही एक झाली की पक्का गोल पुरा. फक्त या अ‍ॅक्शन प्रवासाचा प्लॅन संपल्यावरच चालतील अशी अट घाल, नाहीतर मध्येच "मिळालं" म्हणून मोकळा होईल.

जुना_प्रोग्रामर:
बाब, आकड्यांच्या आधी एक बघ. सीट आहे का विचारणं आणि सीट बुक करणं या दोन वेगळ्या जातीच्या सर्व्हिस आहेत. पहिल्या जातीच्या प्लॅन करतानाच बिनधास्त बोलव, त्याने जगात काही बदलत नाही. बुकिंग, पैसे भरणं हे प्लॅनरच्या डोक्यातच होऊ दे, खरं बुकिंग माणूस हो म्हणाल्यावर. मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या लोकांनी शॉप२ हा प्लॅनर वेब सर्व्हिस जोडायला वापरला, २००४ चा पेपर आहे, त्यात हा भेद आहे. तो एचटीएन पद्धतीचा, म्हणजे "आधी यायची सोय, मग खोली, मग देवळापर्यंत टॅक्सी" असा साचा आपण देतो आणि तो भरतो. टोरांटोच्या गटाने पुढे अशा साच्यांवर वापरणाऱ्याची आवडही बसवली. तुझ्या कामाला मला हीच वाट जवळची वाटते, तुला प्रवासाचा साचा आतेकडून आयता मिळतोय.

म्हार्दोळकडचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. "सोडलं"वाली युक्ती काल रात्री बसवली, रविवारची ट्रेन आली. पण ४० आणि २५ हे आकडे मीच ठरवले ते पटेना, म्हणून त्या कुटुंबातल्या ताईंना फोन केला आणि सरळ विचारलं, बस टळत असेल तर खोली लांब चालेल का? त्या लगेच हो म्हणाल्या. आता अ‍ॅपमध्ये आकडे न मागता असे दोन-दोनचे प्रश्नच विचारणार. एक राहिलं, प्लॅन दाखवला आणि बुक करेपर्यंत ट्रेनची सीट गेली तर?

जुना_प्रोग्रामर:
झालेलं बुकिंग सुरुवातीची स्थिती म्हणून दे आणि प्लॅनर परत चालव. आणि ज्याचे पैसे परत मिळत नाहीत ते बुकिंग सगळ्यात शेवटी ठेव रे.