झूम कमी केल्यावर जुनंच चित्र: शिळी .ओव्हीआर फाइल ओळखायची कशी?

प्रश्न
ऑर्थोमोझेकच्या (वरून घेतलेले फोटो जोडून केलेल्या नकाशाच्या) टिफमध्ये नदीकाठचा भाग नव्याने बसवला. क्यूजीआयएस या नकाशा सॉफ्टवेअरमध्ये जवळून पाहिलं की नदीचं नवीन पात्र दिसतं, लांबून पाहिलं की जुनं. नकाशा पाहणारे बहुतेक लोक लांबूनच पाहतात, म्हणून काळजी वाटते. शेजारची .ओव्हीआर (लांबून पाहण्यासाठी साठवलेल्या लहान प्रतींची, म्हणजे ओव्हरव्ह्यूंची फाइल) शिळी आहे हे आपोआप कसं कळेल?

उत्तर
दोन्ही फाइलींची बदलवेळ ताडून बघा. टिफ नंतरची असेल तर ओव्हीआर संशयास्पद.

उत्तर
वेळेवर माझा भरवसा नाही. फाइली कॉपी करताना वेळ बदलते, आणि नुसता मेटाडेटा (फाइलीबद्दलची माहिती) लिहिला तरी टिफ 'नवी' दिसते. मी पिक्सेलच तपासतो. मूळ रास्टरचे (टिफमधल्या पिक्सेल-चित्राचे) काही तुकडे निवडायचे, ओव्हरव्ह्यू ज्या पद्धतीने बनवले त्याच पद्धतीने लहान करायचे आणि ओव्हीआरमध्ये साठवलेल्या तेवढ्याच लहान प्रतीशी वजाबाकी करायची. पद्धत तीच हवी. एकीकडे अॅव्हरेज (पिक्सेलची सरासरी) आणि दुसरीकडे निअरेस्ट (सर्वांत जवळचा एकच पिक्सेल) असेल तर फरक उगाच दिसतो. जेपेग कॉम्प्रेशन असेल तर थोडा फरक चालवून घ्या. तुकडे बदललेल्या भागातलेच घ्या, बाकी ठिकाणी सगळं जुळणारच.
शिळी निघाली की 'जीडीएएलअॅडो' या ओव्हरव्ह्यू बांधणाऱ्या कमांडला 'क्लीन' पर्याय देऊन जुने ओव्हरव्ह्यू काढा आणि पुन्हा बांधा. शेजारच्या .ऑक्स.एक्सएमएल फाइलमधली पिक्सेलची आकडेवारीही (किमान, कमाल वगैरे) जुनी असू शकते, त्यामुळे रंगांचा ताण (स्ट्रेच) चुकतो. तीही बघाच.

प्रश्नकर्ता
वजाबाकीत नदीचा पट्टा लख्ख उठून दिसला! आमचे बाकीचे मोझेक व्हीआरटी (अनेक रास्टर फाइलींचे नुसते संदर्भ जोडणारी फाइल) आहेत, तिथे?

उत्तर
तिथे स्रोत फाइलींच्या बदलवेळेवरून फक्त बदललेला भाग ताजा करण्याचा पर्याय 'जीडीएएलअॅडो'तच आहे. त्यासाठी व्हीआरटीची ओव्हीआर बाहेर, वेगळी असावी लागते.