मदत हवी आहे: सड्यावरची कातळशिल्पं आणि फुलं, एकत्र नोंद कशी करावी?

नमस्कार मंडळी. गाव राजापूर तालुक्यात. आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, गुरांच्या वाटेलगत, कातळात कोरलेल्या काही आकृत्या आहेत. एक मासा स्पष्ट कळतो, बाकी खाचा मातीने बुजल्यात. मे महिन्यात गावी जाणार आहे, तेव्हा नीट नोंद करायचा विचार आहे.

बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी ही कातळशिल्पांची ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली, म्हणून तिथं लोक जातात. कशेळीचा हत्ती तर साधारण १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी! कोकणात आज नसलेला गेंडाही काही सड्यांवर कोरलेला आहे. पण आमच्यासारखे आडबाजूचे सडे सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन. पावसाळ्यात त्याच 'खराब' जमिनीवर दिपकाडी, सीतेची आसवे, किडे खाणारी दवबिंदू उगवते, हे कुणाच्या खिजगणतीत नाही.

विचारायचं ते असं. खाचांतली माती मऊ झाडूने काढली तर चालेल का, की हात न लावलेलाच बरा? फोटोसाठी खाचांत चुना किंवा रांगोळी भरतात ते मला पटत नाही. तिरप्या उन्हात काम भागेल का? पुरातत्त्व खात्याला कळवायचं तर अर्ज ग्रामपंचायतीमार्फत करावा की थेट? जमीन सामाईक आहे आणि चिरेखाणवाले (जांभ्याचे चिरे काढणारे) चौकशी करून गेलेत, त्यामुळे जागेचा नेमका पत्ता इथे देत नाही.

फुलांच्या नोंदी ठेवणारं कुणी ऑगस्टमध्ये सोबत येणार असेल तर राहण्या-जेवणाची सोय आमच्या घरी.