"बिडी सोडली म्हणूनच कॅन्सर झाला," आप्पांचा हट्ट

सुमती, डोंबिवली
आप्पांना (वय ७१) फुप्फुसाचा कॅन्सर निघालाय, तिसरी स्टेज. लालबागच्या गिरणीत कार्डिंग खात्यात (कापूस पिंजायच्या) होते, १९८२ च्या संपानंतर वॉचमनकी केली. बिडी मिसरूड फुटल्यापासून. दिवाळीत खोकला हटेना म्हणून सोडली आणि होळीला निदान झालं. आता एकच धोशा, "इतकी वर्षं ओढली तेव्हा काही झालं नाही, सोडली आणि धरलं." कधी गिरणीची धूळ, कधी आई गेल्याचं टेन्शन. चाळीतले तात्या दुप्पट ओढायचे, ८८ व्या वर्षी गेले, तेही पाय घसरून, हेही ऐकवतात. दादा तोंडावर म्हणतो, "स्वतःच्या हातानं केलंत." मग आप्पा ताट सरकवतात. माझा जीव तुटतो. त्यांना पटवायचं की राहू द्यायचं?

प्रभाकर, चिपळूण
मी याच आजाराचा पेशंट, सिगारेटवाला. कारण मला ठाऊक आहे आणि आप्पांनाही असणार. पण फुप्फुसाचा म्हटलं की लोक आधी विचारतात, "ओढायचात का?" हो म्हटलं की समोरच्याची माया आटते. माझ्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला, तिला कुणी असं विचारलं नाही. धूळ, टेन्शन, तात्या ही सगळी त्या एका प्रश्नावरची उत्तरं आहेत हो. आधी दादाला आवरा.

अनघा सिस्टर
सोडल्यामुळे झाला, असं आमच्या वॉर्डातही बरेच जण म्हणतात. गाठ आधीपासून वाढत असते, तिच्यामुळे खोकला येतो, बिडी ओढवत नाही, म्हणून माणूस सोडतो. एवढं मात्र त्यांना नक्की समजावा, नाहीतर परत पेटवतील. निदानानंतरही बिडीपासून लांब राहिलं तर उपचारांना फायदाच होतो. तात्यांचं उदाहरण खरंच आहे. ओढणाऱ्या प्रत्येकाला हा कॅन्सर होत नाही, पण न ओढणाऱ्यांपेक्षा त्यांचा धोका कितीतरी पट असतो. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या पेशंटांकडून हे १९५० सालीच दाखवून दिलंय. बिडीत तेंदूचं पान असलं तरी धूर तो धूरच.
आणि धुळीचं उडवून लावू नका. कापसाच्या धुळीनं बिसिनोसिस होतो, सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळते. तो कॅन्सर नव्हे, पण फुप्फुसं खराब करतो. वाफेच्या पाइपांवरच्या अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आला होता का, तेही विचारा. अ‍ॅस्बेस्टॉस आणि बिडी एकत्र आले की धोका फार वाढतो.

सुमती, डोंबिवली
सोमवारच्या छातीचं विचारलं आणि आप्पा कार्डिंगच्या मशिनींवर तासभर बोलले. पापण्यांवरसुद्धा कापूस बसायचा म्हणे. बोलता बोलता खरा आकडाही सांगितला, रोजची दोन बंडलं. डॉक्टरांना अर्धं सांगितलं होतं. दादा शेजारी बसून ऐकत होता, काही बोलला नाही. हे आता कुणाला सांगू, केमोवाल्यांना की छातीच्या डॉक्टरांना?

अनघा सिस्टर
दोघांनाही. बंडलं, किती वर्षं, गिरणीतलं खातं, सगळं केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. आप्पांना स्वतःलाच सांगू द्या, दादाला बरोबर न्या.