‘एम्बेड’ला काय म्हणायचं?

प्रश्न
शाळेतल्या शिक्षकांसाठी वेबपान कसं तयार करायचं, यावर छोटी मराठी पुस्तिका लिहिते आहे. लिंकला ‘दुवा’, अपलोडला ‘चढवणे’, पेस्टला ‘डकवणे’ हे शब्द जालावर रुळलेत, तिथं अडलं नाही. गाडी अडली ती पानात व्हिडिओ-ऑडिओ एम्बेड करण्यापाशी. ‘अंतःस्थापित करणे’ असं लिहिलं तर शिक्षक पुस्तिका मिटून ठेवतील. ‘व्हिडिओ डकवा’ चालेल का?

उत्तर
डकवणे नको. डकवलेला मजकूर आपल्या पानावर येतो आणि तिथलाच होतो. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्या कोडभाषेत लिहितात तिच्यात, व्हिडिओचं सहसा तसं होत नाही. पानाच्या फाइलीत व्हिडिओ नसतो, नुसता त्याचा पत्ता असतो. ब्राउझर त्या पत्त्यावरून फाइल आणतो आणि नेमून दिलेल्या जागेत दाखवतो. मूळ फाइल कुणी काढून टाकली की जागा रिकामी. मी ‘बसवणे’ वापरतो. पानात व्हिडिओ बसवा.

उत्तर
पण ‘सॉफ्टवेअर बसवलं’ असंही म्हणतो की आपण. बसवणे इन्स्टॉलच्या वाट्याला गेलंय. ‘जडवणे’ कसा वाटतो? कोंदणात खडा जडवतात, तसा पानात व्हिडिओ.

उत्तर
दिसायला देखणा, पण उद्या कुणी “तो व्हिडिओ जडव रे” म्हणेल असं वाटत नाही. आणि बसवणे एकाच कामाला जुंपलेलं कधी होतं? आपण नळ बसवतो, दात बसवतो, नाटक बसवतो, गणपती बसवतो. कुणाचा घोटाळा झालेला ऐकला नाही.

उत्तर
शब्दावर भांडण्याआधी वस्तू वेगळ्या करू या, कारण इंग्रजीतच इथे खिचडी आहे. ‘एम्बेड’ नावाचा टॅग (टॅग म्हणजे एचटीएमएलमधली कोनी कंसातली आज्ञा) नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासूनचा. ब्राउझरांमध्ये चालायचा, पण 1999च्या एचटीएमएल 4.01 या मानकात त्याला जागा नव्हती. अधिकृत झाला तो एचटीएमएल 5मध्ये, म्हणजे 2014 साली. तोवर ज्या फ्लॅशसाठी, म्हणजे पानात व्हिडिओ आणि खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, तो मुख्यतः वापरला जायचा, तेच उतरणीला लागलं होतं. 31 डिसेंबर 2020नंतर अडोबीनं फ्लॅशचा आधारच काढून घेतला. थोडक्यात, आज आपण एम्बेड करतो तेव्हा सहसा एम्बेड टॅग वापरतच नाही!

वापरतो ते दोन वेगळे प्रकार. फाइल आपल्याकडे असेल तर ‘व्हिडिओ’ किंवा ‘ऑडिओ’ टॅग. यूट्यूबवरचं काही दाखवायचं तर ‘आयफ्रेम’, म्हणजे आपल्या पानात दुसऱ्याचं अख्खं पान. त्यातली बटणं त्यांची, जाहिराती त्यांच्या, शेवटी सुचवले जाणारे व्हिडिओही त्यांचेच. शाळेच्या पुस्तिकेत हा फरक शिक्षकांना कळायलाच हवा. म्हणून पहिल्याला ‘बसवणे’ आणि दुसऱ्याला ‘चौकट लावणे’ असं माझं मत. फ्रेमला चौकट हा शब्द तर घरचाच आहे.

मूळ प्रश्नकर्ती
चौकट पटली. आता टॅगमधल्या खुणांचं काय? ‘कंट्रोल्स’, ‘लूप’, ‘म्यूटेड’, ‘ऑटोप्ले’…

उत्तर
कोडमध्ये ते शब्द रोमनमध्येच लिहावे लागतात, त्यामुळे ते आहेत तसे छापा आणि शेजारी अर्थ द्या. लूपला ‘आवर्तन’ म्हणा. तबला ऐकणाऱ्याला तरी समजवावं लागणार नाही, शेवट झाला की पुन्हा समेवर. म्यूटेडला ‘मूक’ मात्र नको. मूकपटाला ध्वनी नसतोच. इथं ध्वनी आहे, दाबून ठेवलाय. ‘आवाज बंद’ पुरे. आणि एक तळटीप द्याच: म्यूटेडपुढे ‘फॉल्स’ लिहिलं तरी आवाज बंदच राहतो. ही खूण नुसती असली की लागू होते, नको असेल तर पुसायची.

ऑटोप्लेला ‘आपोआप सुरू’. पण हल्लीचे ब्राउझर आवाजासकट आपोआप सुरू होणारा व्हिडिओ सहसा अडवतात, आवाज बंद असेल तर चालू देतात. म्हणून या दोन खुणा बहुधा जोडीनं दिसतात.

उत्तर
कंट्रोल्सला ‘बटणं’ म्हणा, ‘नियंत्रक’ वगैरे नको. ऑडिओ टॅगमध्ये ही खूण विसरली तर पानावर काहीच दिसत नाही. प्रार्थना चढवली पण सापडत नाही, अशी तक्रार येणारच.

उत्तर
कॅप्शन आणि सबटायटल या दोन्हींना ‘उपशीर्षक’ लिहू नका, एवढी विनंती. व्हिडिओला असा मजकूर जोडणाऱ्या ‘ट्रॅक’ टॅगमध्ये दोन्ही प्रकार वेगळे आहेत. सबटायटल भाषा न कळणाऱ्यासाठी, त्यात संवाद असतो. कॅप्शन ऐकू न येणाऱ्यासाठी, त्यात ‘दार वाजतं’, ‘लांबून ढोल’ हेही लिहितात. पहिल्याला ‘अनुवादपट्टी’ आणि दुसऱ्याला ‘श्रवणपट्टी’ असं मी सुचवेन.

मूळ प्रश्नकर्ती
‘श्रवणपट्टी’ ऐकून कानाचं यंत्र आठवलं. ‘ध्वनिवर्णन’ कसं?

उत्तर
त्यात संवादही असतात, नुसतं वर्णन नाही. तूर्त कॅप्शनच ठेवा.