‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ : ठकाचे कौतुक की पंचनामा?

प्रश्न (कोथरूड) :
मार्टिन स्कॉर्सेसी यांचा हा २०१३ सालचा चित्रपट नुकताच पाहिला. तीन तास मनमुराद हसलो आणि मग त्या हसण्याचीच लाज वाटली, कारण गुंतवणूकदारांना फसवणाऱ्या जॉर्डन बेलफर्ट या खऱ्याखुऱ्या शेअर दलालाच्या नौका आणि मेजवान्या डोळे दिपतील इतक्या दिसतात, पण ज्यांची पुंजी बुडाली त्यांतला एकही चेहरा पडद्यावर येत नाही. दिग्दर्शकाने या माणसाला मोकळे सोडले आहे का?

उत्तर (प्रभात रस्ता) :
मला तसे वाटत नाही. नशेत क्लबच्या पायऱ्यांवरून सरपटत तो गाडीपर्यंत जातो आणि एक ओरखडाही न उमटता घरी पोहोचल्याचे छातीठोकपणे सांगतो. पुढे पोलीस दारात येतात तेव्हा गाडीचा झालेला चेंदामेंदा आपल्याला दिसतो. निवेदक एकदा असा उघडा पडला की त्याने सांगितलेल्या बाकीच्या वैभवावर तरी किती विश्वास ठेवायचा? थेल्मा स्कूनमेकर यांच्या संकलनाची खरी करामत इथे आहे.

उत्तर (सदाशिव पेठ) :
दलालीच्या पेढीवर नोकरी केलेला माणूस म्हणून लिहितो. स्वस्त शेअर आधी आपल्याच माणसांच्या नावे दाबून ठेवायचे, फोनवरून गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारून भाव फुगवायचा आणि तो चढला की आपला माल त्यांच्याच माथी मारायचा, असा हा धंदा. (आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘पक्की टिप’ अजूनही येतेच.) फसलेला माणूस अगदीच गैरहजर आहे असेही नाही. एका प्रसंगात फोनच्या स्पीकरवर गिऱ्हाइकाचा भाबडा आवाज येत असतो, इकडे बेलफर्ट अश्लील हावभाव करतो आणि सहकारी तोंड दाबून हसतात. कॅमेरा आपल्याला त्या हसणाऱ्यांच्या घोळक्यात उभे करतो, म्हणून आपल्याला लाज वाटली हे दिग्दर्शकाचेच यश मानावे.

उत्तर (औंध) :
कलेबाबत सहमत, पण शेवटच्या प्रसंगात खरा बेलफर्टच सूत्रसंचालक म्हणून पडद्यावर येतो, हे मला खटकते. चार वर्षांची शिक्षा, त्यातली भोगली जेमतेम २२ महिने, आणि वर हा मान! शिवाय चित्रपटासाठीचा पैसा मलेशियाच्या सरकारी निधीतून लाटलेला असल्याचा आरोप झाला आणि निर्मितीसंस्थेने २०१८ मध्ये अमेरिकी सरकारला सहा कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. एवढे ठाऊक झाल्यावर मला तरी तो पुन्हा निखळ मजेने पाहता आला नाही.